बाळ अमेरिकेत जन्मणार, आईबाप व्हिसावर: मग ते नागरिक कुठलं?

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको दोघंही सातारा जिल्ह्यातले, सध्या न्यू जर्सीत एडिसनला. त्याचा एच-१बी म्हणजे नोकरीचा व्हिसा, तिचा एच-४ म्हणजे त्याच्या आधारावर मिळालेला. थोरला मुलगा पुण्यात जन्मलेला, धाकटं बाळ मार्चमध्ये यायचंय. ते विचारतात: बाळ अमेरिकन नागरिक होणार की नाही? नाही झालं तर भारतीय तरी आपोआप होईलच ना? तिसरा प्रश्न ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने त्यांना घातला आणि त्यांना उत्तर सुचलं नाही: तुमचा भारत तरी कुठे देतो असं नागरिकत्व? मग आम्हीच का द्यावं?

मी पुण्यात वकिली करतो. पासपोर्ट, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड), नागरिकत्वाची नोंदणी ही माझी रोजची कामं. त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर ठामपणे बोलू शकतो. पहिल्यावर तुमच्या तिथल्या इमिग्रेशन वकिलाचा शब्द अखेरचा धरा. पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या फोनमागे हल्ली हाच घोर असतो, म्हणून त्याचे निकाल वाचत असतो. तेव्हा तेही सांगतो.

आधी धास्ती कमी करू. हे लिहितोय डिसेंबर २०२५ मध्ये, आणि आजच्या घडीला अमेरिकेत जन्मलेलं तुमचं बाळ अमेरिकन नागरिकच. २० जानेवारी २०२५ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी जो आदेश काढला तो न्यायालयांनी अडवून ठेवलाय. मात्र त्या आदेशात काय आहे ते नीट बघा, कारण आपल्या लोकांचा इथेच घोटाळा होतो. हे सगळं मेक्सिकोच्या सीमेवरून चोरून येणाऱ्यांबद्दल आहे, आपला काय संबंध, असं मला पुष्कळ जण सांगतात. आदेशात दोन गट आहेत. एक, आई बेकायदा राहणारी आणि बाप नागरिकही नाही, ग्रीन कार्डवाला म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेलाही नाही. दोन, आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर, आणि बाप पुन्हा तसाच. तुम्ही दोघं सरळ दुसऱ्या गटात बसता. टॅक्स भरणारा इंजिनिअर, एफ-१वरची विद्यार्थिनी, लेकीच्या बाळंतपणाला आलेली आणि तिथेच स्वतः बाळंत झालेली एखादी बाई, सगळे एकाच ओळीत. तुमच्यापैकी बापाकडे ग्रीन कार्ड असतं तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

आता कोर्टाचा प्रवास. आदेश निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी सिअॅटलचे न्यायाधीश जॉन कॉफनॉर यांनी तो धडधडीत घटनाबाह्य म्हणून थांबवला. हे रेगन यांनी नेमलेले न्यायाधीश, म्हणजे कुणी डावे म्हणून त्यांना उडवून लावता येत नाही. तुमचं न्यू जर्सी राज्यही इतर अनेक राज्यांसह कोर्टात गेलंय. मग २७ जून २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा ६-३ निकाल आला आणि घबराट उडाली. पण तो निकाल नागरिकत्वावर नव्हताच. एखाद्या जिल्हा न्यायाधीशाला सबंध देशभर लागू होईल असा मनाई हुकूम देता येतो का, एवढ्याच मुद्द्यावर होता. देता येत नाही, असं बहुमताने म्हटलं, पण सामूहिक दाव्याची वाट मोकळी ठेवली. त्या वाटेने न्यू हॅम्पशरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी १० जुलैला आदेशाच्या तडाख्यात येणाऱ्या सगळ्या बाळांचा एक वर्ग धरून त्यांना संरक्षण दिलं. तुमचं बाळ त्याच वर्गात जन्मेल. ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मूळ प्रश्नच ऐकायला घेतलाय, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे जूनअखेरपर्यंत निकाल यावा. म्हणजे मार्चमधलं बाळ निकालाच्या आधीचं. सरकार जिंकलंच तर मधल्या काळातल्या मुलांचं काय, हा प्रश्न उभा राहील, कारण आदेशातली तारीख फेब्रुवारी २०२५ची आहे. तशी वेळ येईल असं मला वाटत नाही. का वाटत नाही, त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१८५७मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काळ्या माणसाचे पूर्वज कितीही पिढ्या इथे राबलेले असोत, तो या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. यादवी युद्ध झालं, गुलामगिरी गेली, आणि हा निकाल कायमचा गाडायचा म्हणून १८६८मध्ये चौदावी दुरुस्ती आली: अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. सगळी लढाई त्या अधिकारक्षेत्राच्या अटीवर आहे. आदेशाचे समर्थक म्हणतात, अधीन म्हणजे नुसता कायदा लागू असणं नव्हे, पुरती निष्ठा हवी, आणि व्हिसावरच्या माणसाची निष्ठा त्याच्या मायदेशाशी. १८८४मध्ये जॉन एल्क या मूलनिवासी माणसाला, तो अमेरिकेच्या भूमीवरच जन्मलेला असूनही, न्यायालयाने नागरिक मानलं नव्हतं. तो दाखला ते पुढे करतात. मूलनिवासींना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं, हे खरंच आहे. पण त्यांच्या जमातींशी अमेरिका तह करत होती. एडिसनमधल्या मराठी कुटुंबाशी कुणी तह केलेला नाही. तुम्ही सिग्नल तोडलात तर दंड होतो, गुन्हा केलात तर तुरुंग होतो, टॅक्स चुकवलात तर नोटीस येते. याला अधिकारक्षेत्र म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

आणि १८६६मध्ये दुरुस्तीवर चर्चा चालली होती तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता असंही नाही. पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर कॉवन यांनी थेट विचारलं होतं की चिनी आणि जिप्सी लोकांची पोरंही नागरिक होणार का? कॅलिफोर्नियाचे कॉनेस उठले आणि म्हणाले, हो, होणार. त्याच कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोत, १८७३मध्ये वाँग किम आर्क जन्मला. आईबाप चिनी, पुढे चीनला परतलेले. तो चीनला जाऊन १८९५मध्ये बोटीने परत आला तर बंदरावर अधिकाऱ्यांनी उतरू दिलं नाही, तू चिनी आहेस म्हणून. त्या काळात चिनी मजुरांना अमेरिकेत बंदी होती. त्याला कितीतरी महिने किनाऱ्यालगतच्या जहाजांवर अडकवून ठेवलं. मार्च १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६-२ने सांगितलं की तो जन्माने अमेरिकन आहे. राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं, शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात जन्मलेली शत्रूची मुलं, परदेशी सरकारी जहाजावर जन्मलेली मुलं आणि जमातीतले मूलनिवासी, एवढेच अपवाद.

सरकारी वकिलांना त्यातल्या त्यात धरून राहण्यासारखं एकच आहे: त्या निकालात वाँगचे आईबाप अमेरिकेत कायम वास्तव्याला होते, हे पुनःपुन्हा येतं. तुम्ही कायम वास्तव्याला नाही, असा त्यांचा मुद्दा. मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण निकालातलं तत्त्व त्या वास्तव्यावर उभं नाही. शिवाय नागरिकत्वाची हीच भाषा अमेरिकी संसदेने १९५२च्या कायद्यात जशीच्या तशी घेतली, आणि तेव्हा तिचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. राष्ट्राध्यक्षाच्या सहीने संसदेचा कायदा कसा बदलेल?

वाँग किम आर्कच्या या निकालाचं ऋण आपल्या लोकांवर आहे आणि ते आपण विसरलोय. १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून त्याला अर्ज करूनही नागरिक होता येणार नाही. काहींचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं. ही बंदी १९४६पर्यंत टिकली. कॅलिफोर्नियात तर अशा लोकांना शेतजमीनही घेता येत नव्हती. मग जपानी आणि पंजाबी शेतकऱ्यांनी काय केलं? जमिनी अमेरिकेत जन्मलेल्या पोरांच्या नावावर घेतल्या. बाप कायद्याने कायमचा परका, आणि पाळण्यातलं पोर जमीनमालक! गेल्या शतकातल्या या बापांना जो दरवाजा उघडा होता तो वाँग किम आर्कने उघडून दिलेला.

आता दुसरी बाजू, कारण तीही ऐकायला हवी. भूमीवर जन्मलात की नागरिक, हा नियम आज मुख्यतः अमेरिका खंडात उरलाय: कॅनडा, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना. ब्रिटनने तो १९८३पासून सोडला, ऑस्ट्रेलियाने १९८६मध्ये, आयर्लंडने २००४ला सार्वमत घेऊन. हे देश काही हुकूमशाहीत गेले नाहीत. तेव्हा नियम बदलावा असं म्हणणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा, असं मी मानत नाही. खास बाळंतपणासाठी विमानाने यायचं, हे प्रकार होतात, आणि त्यासाठी अमेरिकेने जानेवारी २०२०पासून पर्यटक व्हिसाचे नियम कडक केलेत. पण मुलाच्या आधाराने आईबाप लगेच नांगर टाकतात हा जो प्रचार आहे तो पोकळ आहे. नागरिक मुलाला आईबापासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो तो एकवीस वर्षांचं झाल्यावर. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने बदल केला तो संसदेत कायदा करून, आणि तिथे जन्मून पहिली दहा वर्षं तिथेच काढलेल्या मुलाला नागरिकत्वाची वाट ठेवून. अमेरिकेच्या आदेशात अशी फट कुठेही नाही.

तुमच्या सहकाऱ्याचा प्रश्न मात्र चोख आहे. भारत देत नाही. पण देत होता, आणि आपल्याकडे हा वाद अमेरिकेइतकाच कडाक्याने झाला. १९४७च्या एप्रिलमध्ये संविधान सभेपुढे मूलभूत हक्कांचा अहवाल आला. त्यातलं नागरिकत्वाचं कलम जवळपास अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीवरून बेतलेलं होतं. काहींनी हरकत घेतली तेव्हा सरदार पटेलांनी विचारलं, अशी किती परदेशी माणसं इथे येऊन मुलं जन्माला घालणार आहेत? आपण व्यापक दृष्टी ठेवायची की अरुंद, आणि जग आपल्याकडे बघतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९४९मध्ये, आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख उभे राहिले. एखादं विमान मुंबईला दोन तास थांबलं आणि त्यात एखादी बाई बाळंत झाली तर ते पोरही भारतीय होणार का, असं म्हणत त्यांनी मसुद्याची खिल्ली उडवली. हे जगातलं सगळ्यात स्वस्त नागरिकत्व ठरेल असा त्यांचा आक्षेप. आज ट्रम्प समर्थक जे बोलतात ते भाऊसाहेब देशमुखांनी पंच्याहत्तर वर्षांपूर्वी बोलून ठेवलंय. त्यांना आईबाप भारतीय हवे होते. शिवाय जगात कुठेही राहणाऱ्या आणि दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू-शिखांना हक्क हवा होता. आंबेडकरांनी या कलमाने मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने दिली, असं सभागृहात सांगितलं. देशमुखांची सूचना पडली. १९५५च्या नागरिकत्व कायद्याने तर २६ जानेवारी १९५० नंतर इथे जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला, आईबाप कोण हे न विचारता, नागरिक केलं.

मग बांगलादेशातून येणाऱ्या लोकांवरून आसाम पेटलं. १९८५चा करार झाला आणि १ जुलै १९८७पासून आई किंवा बाप यांपैकी एक तरी भारतीय हवा, असा बदल झाला. ३ डिसेंबर २००४पासून आणखी घट्ट: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. देशमुख हरले खरे, पण पंचावन्न वर्षांनी कायदा त्यांच्या बराच जवळ गेला.

याचा परिणाम कागदावर कसा दिसतो ते सांगतो. गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव बांधच्या परिसरात, नॉर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. अशा वसाहतीतली दोन सख्खी भावंडं डोळ्यांसमोर आणा, आईबाप दोघेही निर्वासित. ताई १९८६ची, भाऊ १९८८चा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१०मध्ये अशाच एका प्रकरणात सांगितलं की १९८७च्या आधी इथे जन्मलेली तिबेटी व्यक्ती जन्माने भारतीय आहे. म्हणजे ताईला भारतीय पासपोर्ट मिळू शकतो, भावाला नाही. घर तेच, शाळा तीच, बोलायला मराठी-हिंदी तीच.

आणि हे फक्त निर्वासितांपुरतं राहत नाही. माझा या सगळ्या वादातला मुख्य मुद्दा हा आहे. जन्मसिद्ध नागरिकत्व असतं तेव्हा जन्मदाखला हा पूर्ण पुरावा असतो. ते काढलं की जन्मदाखला अर्धा पुरावा होतो आणि उरलेला अर्धा आईबापांच्या कागदात शोधावा लागतो. प्रत्येकाला, नुसत्या परक्याला नव्हे. २००४नंतर जन्मलेल्या मुलाने आईबाप दोघांचं नागरिकत्व दाखवायचं, किंवा एकाचं नागरिकत्व आणि दुसरा बेकायदा आलेला नाही हे. आईबापांचा जन्म ८७नंतरचा असेल तर त्यांनी आपल्या आईबापांपैकी एकाचं. आसामात ३१ ऑगस्ट २०१९ला एनआरसीची, म्हणजे नागरिकांच्या नोंदवहीची, अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यांत नावाच्या स्पेलिंगमुळे अडकलेले काही थोडे नव्हते. लांब कशाला जायचं? ऑगस्ट २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र जवळ आहे म्हणून कुणी नागरिक ठरत नाही. कायद्याने ते बरोबरच आहे. पण कोर्टातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही साध्या माणसाला विचारा, मग काय दाखवू? त्याच वर्षी मालेगावच्या उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांवरून एसआयटी बसली. खोटे दाखले निघाले असतील तर कारवाई व्हायलाच हवी. पण घरी सुईणीच्या हातून जन्मलेल्या, शाळेच्या दाखल्यावर १ जून तारीख पडलेल्या अख्ख्या पिढीचे दाखले उशिराचेच असणार, हेही ध्यानात ठेवा.

अमेरिकेत आज दवाखान्यातला कारकून एक फॉर्म भरून घेतो, राज्याकडून बर्थ सर्टिफिकेट मिळतं, सोशल सिक्युरिटी नंबर पोस्टाने घरी येतो. कुणी आईला व्हिसा विचारत नाही. आदेश लागू झाला तर राज्य दाखला देत राहील, पण केंद्र सरकार त्यावर पासपोर्ट देणार नाही. मग टेक्ससमधल्या सातव्या पिढीच्या गोऱ्या आईलाही आपण नागरिक असल्याचं दाखवावं लागेल. तुमच्या सहकाऱ्याला एवढंच सांगा: भारताने दरवाजा लोटून घेतला आणि आता घरातलेच लोक किल्ली शोधतायत.

उरला दुसरा प्रश्न, आणि इथे बहुतेक जण गाफील असतात. बाळ अमेरिकन झालं नाही तर आपोआप भारतीय होईल का? नाही. ३ डिसेंबर २००४नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नागरिकत्व कायद्याच्या कलम ४खाली नोंद करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी. तोपर्यंत ते मूल कुणाचंच नाही. पुण्यात जन्मलेला तुमचा थोरला निदान भारतीय तरी आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत तो एकवीसचा झाला की त्याचा एच-४ संपेल, ही वेगळी डोकेदुखी. तिच्यावर आजच तिथल्या वकिलाशी बोला, सहा महिन्यांनी नको.

तेव्हा मार्चमध्ये असं करा. आजचा कायदा तुमच्या बाजूचा आहे, तर अमेरिकन पासपोर्टचा अर्ज दवाखान्यातून घरी आल्यावर लगेच टाका, आणि पुढे ओसीआय काढा. पासपोर्ट काही कारणाने अडला तरच कलम ४कडे वळा. एक वर्षाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. दोघांचे आय-७९७ (व्हिसा मंजुरीचं पत्र), आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), लग्नाचा दाखला, तुमचे स्वतःचे जन्मदाखले एका फाइलीत हवेत.

एक बारीक गोष्ट, जिच्यापायी माझ्याकडे पुष्कळ फोन येतात. अमेरिकन बर्थ सर्टिफिकेटवर आईचं लग्नाआधीचं नाव छापतात. आपल्याकडे लग्नात आडनावच नाही, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं, आणि पासपोर्टवर नवं नाव असतं. मग ओसीआयच्या खिडकीवर ही आई वेगळी, ती आई वेगळी. वहिनींचं नाव लग्नात बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा दोन्ही नावं असलेला विवाहनोंदणीचा दाखला आत्ताच मागवून ठेवा. जुनं लग्न असेल तर ग्रामपंचायतीत नोंद झाली होती की नाही इथपासून सुरुवात करावी लागते, आणि ग्रामसेवक मार्चअखेरच्या कामात भेटत नाही.